बाकाच्या अलीकडे

ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटवर, चहाच्या डब्याशेजारी, एक पापुद्रा पडला होता. मोहरीच्या दाण्याएवढा, पण चपटा. कडा किंचित वर उचललेल्या आणि मधोमध चांदीसारखी झाक. सरोजिनी श्वास रोखून त्याच्याकडे पाहत राहिली. श्वास सोडला असता तर तो हलला असता, आणि कुठे गेला ते पुन्हा कळलं नसतं. तिने बोटाचं टोक ओलं केलं, पापुद्रा अलगद टिपला आणि बोट नळाखाली धरलं.

जो डोळ्यांना दिसतो तो कण मोठाच म्हणायचा. तिची सगळी नोकरी न दिसणाऱ्या कणांमागे गेली होती.

"सरू, चहा होतोय की त्याच्यावर संशोधन चाललंय?" बाहेरच्या खोलीतून अप्पांनी विचारलं.

"आणते."

"सावकाश आण. मला कुठे जायचंय!"

अप्पा, म्हणजे गोपाळकृष्ण परचुरे, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून आता कर्वेनगरच्या या दोन खोल्यांत लेकीबरोबर राहत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सगळं फारच स्वच्छ दिसायला लागलं होतं, आणि ते बोलूनही दाखवत होते.

"दिवसभर कारखान्यात धूळ मोजतेस," कप हातात घेत ते म्हणाले, "आणि हा पंखा बघ. याच्यावरची मोजायला कोणाला बोलवायचं?"

"रविवारी पुसते."

"नको, राहू दे. पुसलास तर ओळखू यायचा नाही."

ती हसली. मग आपल्या खोलीत गेली आणि कडी लावली. कपाटातून मलमाची मोठी डबी काढून तिने दोन्ही हातांना कोपरापासून मनगटापर्यंत, मग मानेला, मग कानांमागे जाड थर दिला. मलमाने आजार बरा होत नव्हता. सुटू पाहणारी त्वचा तेवढी चार-पाच तास जागेवर चिकटून राहत होती. दुपारपर्यंत थर वाळायचा. त्यानंतरचं तिच्या हातात नव्हतं.

सोरायसिस तिला तरुणपणापासून होता. तेव्हा तो उजव्या कोपरावर एका रुपयाएवढा होता. उन्हाळ्यात जायचा, थंडीत यायचा. हडपसरच्या इंजेक्शनच्या कारखान्यात ती लागली तेव्हाही तो तेवढाच होता. तिथे दर वर्षी वैद्यकीय तपासणी असे. डॉक्टर रक्तदाब घ्यायला हात मागत आणि सरोजिनी डावा हात पुढे करी. इतकं ते सोपं होतं. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र त्या एका डागाने दोन्ही हात घेतले, पाठ घेतली, आणि आता तो केसांच्या कडेने कपाळाकडे सरकत होता.

"तुम्ही औषधांच्याच कारखान्यात आहात ना?" त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "आत, निर्जंतुक विभागात? मग मी सांगायला नकोच."

"नको," सरोजिनी म्हणाली होती.

सांगायला नकोच होतं. कारण नव्या कामगारांना ते दर वर्षी सरोजिनीच शिकवत असे. माणसाच्या अंगावरून सतत कातडीचे कण झडतात; ज्याची कातडी सुटते आहे त्याने आत यायचं नाही; झालं असेल तर आपण होऊन सांगायचं, लपवायचं नाही. "लाजायचं काही कारण नाही," असंही ती शेवटी म्हणायची. प्रत्येक वेळी ते वाक्य तिला चांगलं जमायचं.

*

कपडे बदलण्याच्या शेवटच्या खोलीत स्टीलचा एक आडवा बाक होता. बाकाच्या अलीकडे बाहेरचं जग, पलीकडे आतलं. बाकावर बसायचं, एक पाय उचलून पलीकडे न्यायचा, तो जमिनीला टेकण्याआधी त्यावर निर्जंतुक मोजा चढवायचा, मग दुसरा. त्यानंतर डोक्यापासून पायापर्यंत एकसंध पांढरा पोशाख, टोपडं, मुखपट्टी, चष्मा, हातमोजे. आरशासमोर उभं राहून कुठे कातडी दिसत नाही ना ते पाहायचं आणि मगच दार ढकलायचं.

सरोजिनी ते दार ढकलायची तेव्हा तिच्या आत काहीतरी सैल व्हायचं. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. बाहेर तिला लांब बाह्या सांभाळाव्या लागत, काळे कपडे टाळावे लागत, बसमधल्या शेजारणीची नजर मानेवरून फिरली की पदर ओढावा लागे. आत सगळे एकसारखे पांढरे होते. तिथे कोणाला कातडीच नव्हती. छतातून गाळलेली हवा संथपणे खाली उतरत राहायची, आणि त्या हवेत उभं राहिलं की सरोजिनीला आपणही गाळून निघाल्यासारखं वाटायचं.

कारखाना छोटा होता, लाईन जुनी होती. काचेच्या बाटल्या, ज्यांना तिथे सगळे वायल म्हणत, प्लॅस्टिकच्या पडद्यांमागून ओळीने यायच्या, सुयांखाली थांबायच्या, भरल्या जायच्या. डोळ्यांच्या ऑपरेशनात वापरायचं इंजेक्शन होतं ते. सुयांच्या शेजारी एक छोटं नरसाळं हवा ओढून घेत होतं आणि बाहेरचं यंत्र त्या हवेतले कण मोजत होतं. एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे कण साडेतीन हजारांपर्यंत चालत. पाच मायक्रॉनचे मात्र मोजून एकोणतीस. रस्त्यावर उभं राहून घेतलेल्या एका श्वासात याहून जास्त असतात.

वैजनाथ लाईनवर उभा होता. परळीकडचा गडी, कंत्राटदारामार्फत लागलेला, पण आता या कामात मुरलेला. हातात चिमटा, कोपरं अंगाशी, नजर वायलवर. अलीकडे तो फारच सावकाश हलायला लागला होता. आडवी पडलेली बाटली उचलायला चिमटा पुढे न्यायचा तर जणू पाण्याखालून नेतो आहे. कण वाढून वरचेवर अलार्म व्हायला लागल्यापासून त्याला तसं शिकवलं होतं: जोरात हललं की कण उडतात.

सरोजिनी हवेतले जंतू धरायच्या प्लेट्स बदलायला आली होती. खाद्य घातलेल्या या प्लेट्स सुयांजवळ उघड्या ठेवायच्या, काही तासांनी बदलायच्या. दुपार झाली होती. हातावरचं मलम वाळून ताणलेलं तिला पोशाखाच्या आत जाणवत होतं. तिने पडदा सारला, कंबरेत वाकली आणि हात लांब केला.

हात लांब केला की पोशाखातली हवा भात्यातून निघावी तशी मनगटाशी बाहेर पडते. हेही ती शिकवत असे.

कण मोजणाऱ्या यंत्राचा दिवा नारिंगी झाला. मग लाल. लाईन थांबली.

वैजनाथ होता तिथेच गोठला. चिमटा हवेत तसाच. काचेपलीकडे उभ्या असलेल्या सुपरवायझरने कपाळाला हात लावला. त्याने पाहिलं ते वैजनाथकडे. सगळ्यांनीच वैजनाथकडे पाहिलं.

"मॅडम," मुखपट्टीआडून तो हळूच म्हणाला, "तुमच्या देखत झालं ना? म्या हाललो का?"

"नाही," सरोजिनी म्हणाली.

"मग?"

तिने प्लेटवर झाकण ठेवलं. "काम कर तुझं," ती म्हणाली, पण काम तर थांबलेलं होतं.

*

"बसा मॅडम," सलिल म्हणाला. तो गुणवत्ता विभागाचा प्रमुख होता. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी नवा आला तेव्हा त्याला पोशाख कसा चढवायचा हे सरोजिनीनेच शिकवलं होतं. चारचौघांत ती त्याला सर म्हणे. खोलीत दोघंच असले की सलिल.

"फिल्टर तपासले, गळत नाहीत. सुया बदलल्या, पट्टा बदलला. यंत्रवाल्याला बोलावून त्याला चहाही पाजला, तो म्हणाला आमचं यंत्र उत्तम आहे. सगळ्यांचं सगळं उत्तम आहे, फक्त माझा माल होल्डवर आहे." त्याने डोळे चोळले. "तुम्हाला काय वाटतं?"

"वाढतात ते फक्त मोठे कण," सरोजिनी म्हणाली. "फिल्टर गळत असता तर बारीक आधी वाढले असते. प्लेटवर उगवलं तेही माणसाच्या कातडीवरचंच. म्हणजे माणूस आहे."

"तेच म्हणतोय मी. आणि माणूस तिथे एकच आहे."

सरोजिनीने बाही मनगटाखाली ओढली.

"आजचं रेकॉर्डिंग पाहिलं मी. वैजनाथ आणि सुया. दुसरं कोणी नाही."

"मी होते ना."

"तुम्ही होतातच, म्हणून तर बरं. साक्षीला तुम्ही आहात." सलिल हसला. "नाहीतर कंत्राटदार म्हणेल, आमच्या माणसावर उगीच आळ घेता."

त्याचा काही कावा नव्हता. तिथली वहिवाटच तशी होती. लाईनवरचा कामगार हलला, वाकला, त्याने बाटली उचलली, की ते टिपून ठेवायचं. मोजणी करायला आलेल्या माणसाचं वाकणं कोणी टिपत नसे. मोजणारा मोजणीत धरायचा नसतो. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण इतकी वर्षं ते कोणाला खटकलंही नव्हतं. सरोजिनीलासुद्धा नाही.

"गेल्या महिन्यात एक आठवडा एकही अलार्म नव्हता," ती सावकाश म्हणाली. "तेव्हा वैजनाथ होता लाईनवर."

"तेव्हा लाईनचा वेग कमी ठेवला होता."

तेव्हा सरोजिनी रजेवर होती. अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. परत आल्यावर तिने त्या आठवड्याच्या आकड्यांचा आलेख पाहिला होता, आणि बराच वेळ त्या सपाट रेषेकडे पाहत बसली होती. ती मुळात विज्ञानाची बाई. एवढं सरळ उत्तर तिला आयुष्यात क्वचितच मिळालं होतं.

"उद्या सकाळी त्याची पोशाख चढवायची परीक्षा घेतो," सलिल म्हणाला, "नावापुरती. कंत्राटदाराला सांगून ठेवलंय, दुसरा माणूस देतो म्हणाला. तुम्ही फक्त तेवढं म्हणा, की तुमच्या निरीक्षणात त्याची हालचाल जास्त होती."

"सलिल, आणखी एकदा पाहू या. एक बॅच."

"मॅडम, आणखी एक बॅच म्हणजे आणखी एवढी इंजेक्शनं जाळायची. चांगली. नुसत्या संशयावर." त्याने समोरची फाईल मिटली. "तुमचा जीव आहे त्याच्यावर, माहितेय मला. चांगला पोरगा आहे. पण काही काही माणसांची कातडीच तशी असते."

*

सुटताना वैजनाथ बसच्या रांगेपासून जरा दूर, भिंतीला टेकून उभा होता. तिला पाहून पुढे आला.

"मॅडम, एक इचारू का? अंघोळ किती डाव करावी?"

"दोनदा केलीस तरी पुष्कळ."

"तीन डाव करायलो. बायको म्हणायली, टाकीतलं पाणी तुमच्या एकट्यासाठीच येतंय का." त्याने हसायचा प्रयत्न केला. "घरातबी हळूच चालायलो आता. पोरगी मागून चालून दाखवती, म्हणती पप्पा नवरी झालेत."

"वैजनाथ, तू..."

"नाही, चूक माझीच असंल. सर काय खोटं बोलतेत? मशीन बोलतंय ना. मशीनला माझ्याशी काय वैर." तो आपल्या तळहातांकडे पाहत राहिला. "दिसत नाही मॅडम काहीच. मी लई बघतो. पण असंल काहीतरी माझ्या अंगात."

बस आली. सरोजिनी चढली. स्वारगेटपर्यंत तिने खिडकीबाहेर पाहिलं नाही. आपल्या बाहीच्या बटणाकडे ती पाहत होती.

सांगायचं ठरवून तिला दोन वर्षं झाली होती. दिवाळीनंतर सांगू, ऑडिट झालं की सांगू, अप्पांचा डोळा झाला की सांगू. सांगितलं तर काय होईल हे तिला पाठ होतं. ती आत जायची थांबेल, एवढंच नव्हे. ती मोजत आलेली सगळी हवा संशयात येईल. जिथे जिथे तिने 'योग्य' लिहून सही केली, तिथे तिथे कोणीतरी विचारेल: हे मोजलं तेव्हा तुमचा हात कसा होता? आणि या वयात उरलेल्या दिवसांसाठी तिला फायलींच्या खोलीत एक टेबल देतील. तिथे लोक बोलता बोलता समोरच्याच्या हाताकडे पाहतात.

संध्याकाळी ती पोळ्या करत होती. अप्पा दारात येऊन उभे राहिले. पीठ लागू नये म्हणून तिने बाह्या दुमडल्या होत्या; ते नव्या डोळ्यांनी पाहत राहिले. बराच वेळ काही टोचून बोलले नाहीत, तेव्हा तिने मान वर केली.

"इतकं वाढलंय?" अप्पांनी विचारलं.

"हो."

"मला दिसलं नाही."

"तुम्हाला मोतीबिंदू होता."

"मोतीबिंदू आता झाला," अप्पा म्हणाले. मग स्टूल ओढून बसले. "ती धायरीची मंडळी बघायला आली होती तुला, आठवतं? त्या बाईने कोपर बघून विचारलं, कोड तर नाही ना. शाळेत मी मुलांना सांगायचो, बघा, विचारा, लपवू नका. आणि मंडळी गेल्यावर तुला काय म्हणालो?"

सरोजिनीने पोळी उलटली. "लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवून घे, म्हणालात."

"हं," अप्पा म्हणाले. थोड्या वेळाने ते भिंतीचा आधार घेत उठले. "पोळी करपतेय," म्हणाले आणि बाहेर गेले.

*

सकाळी तिने मलम लावलं नाही. हे धैर्य नव्हतं. डबी उघडली, आणि लावायला हातच उचलेना.

बाकाच्या खोलीत ती पोचली तेव्हा सलिल मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून उभा होता, आणि बाकावर पाठमोरा कोणीतरी बसला होता. गुळगुळीत डोकं, त्यावर ताज्या वस्तऱ्याच्या दोन बारीक जखमा. तो वळला तेव्हा सरोजिनीला आधी ओळखच पटेना. मिशी नव्हती. वैजनाथची ती जाड, कोरलेली मिशी गेली होती, आणि वरचा ओठ उघडा, लहान मुलासारखा फिका दिसत होता.

सलिललाही ते आत्ताच नीट दिसलं असावं. त्याचा आवाज खाली आला. "वैजनाथ, अरे... घरी कोण गेलं? सांगायचं नाही का? आज कशाला आलास?"

"कोणी नाही सर. समदे हायेत."

"मग हे?"

"केस गळत असतील म्हणलं. मिशीतून बी पडत असंल काही." तो उभा राहिला. एका हाताने सारखा ओठ झाकत होता. "न्हाव्यानं बी हेच इचारलं, कोण गेलं. गल्लीत तर दोघं भेटायला आले. आईनं फोनवर चेहरा बघितला अन् मोठ्यानं रडाय लागली. बाप जित्ता असताना मिशी काढली म्हणून. बाप बोललाच नाही. फोन ठेवून दिला त्यानं."

सलिल खाली पाहू लागला.

"आता काउंट येणार नाही सर," वैजनाथ म्हणाला. "आता काहीच राहिलं नाही अंगावर. एक डाव बघा."

छतातून हवा उतरत होती, तिचा बारीक, एकसुरी आवाज तेवढा होता. सलिलने घड्याळ उगाच चाळवलं आणि सरोजिनीकडे वळून, सुटका मागितल्यासारखं म्हणाला, "मॅडम, तुम्ही व्हा पुढे. प्लेट्स लावायच्यात ना. आम्ही इथलं उरकतो."

सरोजिनी बाकावर बसली. पाय उचलून पलीकडे न्यायचा तेवढाच अवकाश होता. इतक्या वर्षांच्या सवयीने उजवा पाय आपोआप सैल झालाही. काचेपलीकडे आतली पांढरी खोली दिसत होती. रिकामी, उजळ, कोणाची वाट न पाहणारी.

तिने दोन्ही पाय फरशीवर टेकवले. उजव्या बाहीचं बटण काढलं. बाही वर सरकवली, एकदा दुमडली, पुन्हा दुमडली, कोपराच्या वर नेली. मग डावी. उघड्या हातांवर वरून उतरणारी हवा लागली. गार होती. आत इतक्या वेळा जाऊनही ती कातडीला कशी लागते हे तिला माहीत नव्हतं.

सलिलची नजर हातांवर पडली आणि तिथेच राहिली. वैजनाथने ओठावरचा हात खाली घेतला.

"ते कण याचे नाहीत, सलिल," सरोजिनी म्हणाली. "माझे आहेत. मी आता आत जाणार नाही."